जुनी चोपडी की आजीचं लुगडं?
भाचीला कोलाज, म्हणजे तुकडे जोडून केलेलं चित्र, करायचंय. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात जुन्या चोपड्याही निघाल्या अन् आजीचं सुती लुगडंही. "मामा, काय घेऊ?"

खर्च दोन्हींचा शून्य. कागद कात्री-खळीनं तासाभरात बसतो. जर्मन कलावंत कुर्त श्विटर्स १९१९ च्या सुमारास ट्रामची तिकिटंच तर चिकटवायचा. पण लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. गेल्या मे महिन्यात माझं एक पान दुमडताच चुरलं. शिवाय खळीला कसर लागते.

लुगडं धावदोऱ्यानं शिवता शिवता बोटं दुखतात, पण कापड मोडत नाही. घडीवर विरलेला भाग तेवढा टाळ, काठ ठेव.

अक्षरं-शिक्के दाखवायचे तर कागद, तोही काचेखाली. उघडं टांगायचं, हाताळू द्यायचं तर लुगडं. फक्त पश्चिमेच्या उन्हात नको, रंग उडतो.