स्कुबाचं कार्ड घ्यायचंय: मालवण, अंदमान, की अर्धं शिक्षण पुण्यातच?

मालवणला सिंधुदुर्गाजवळ वीस मिनिटं पाण्याखाली जाऊन आलेला माणूस 'मी स्कुबा केलं' म्हणतो, आणि ते खोटं नसतं. पण ती ट्रायल असते. प्रशिक्षकाने तुम्हाला धरलेलं असतं, किती खोल जायचं आणि कधी वर यायचं हे तोच ठरवतो. पोहता येण्याची अट नसते. पुढे कुठल्या डाइव्ह सेंटरवर 'मला बोटीवर घ्या' म्हणालात तर ते कार्ड, म्हणजे कोर्स पास झाल्याचं प्रमाणपत्र, मागतील, आणि ट्रायलचं कार्ड मिळत नाही.

माझी सुरुवातही अशा ट्रायलनेच झाली. होडीवर पाच मिनिटांत तीन खुणा शिकवल्या, नाक दाबून कान कसे मोकळे करायचे तेही घाईघाईत सांगितलं. खाली जाताना डावा कान ठणकला. मी 'वर चला'ची खूण करायची ते 'ठीक आहे'चीच करत राहिलो. दोन दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. कान दुखायच्या आधीच, मीटर-मीटरभर उतरलं की मोकळे करायचे असतात, हे मला नंतर कोर्समध्ये कळलं.

म्हणून पहिला निवाडा असा: पाण्याखाली श्वास घेताना जीव घाबरतो का, एवढंच बघायचं असेल तर ट्रायल पुरे. मात्र बुकिंग करताना विचारा, सिलिंडर माझ्या पाठीवर असणार की होडीत ठेवून नुसती नळी तोंडात देणार? नळीवरच्या डुबकीतून तुम्हाला स्कुबा जमेल की नाही हे फारसं कळत नाही. आणि वर्षातून एकदा तरी समुद्रात उतरायचं मनात असेल, तर ट्रायलवर दोनदा पैसे घालण्यापेक्षा सरळ ओपन वॉटर कोर्स करा.

या कोर्सचे तीन भाग असतात: थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह. पास झालात की बरोबरीच्या प्रमाणित जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं, आणि कार्डाला मुदत नसते. वयाची अट किमान 10 वर्षं. 10-11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरची मर्यादा आहे आणि सोबत प्रमाणित पालक किंवा प्रशिक्षक लागतो. खर्चाची साधारण 25 ते 40 हजारांची तयारी ठेवा, प्रवास वेगळा. वेळ फारच कमी असेल तर 'स्कुबा डायव्हर' नावाचा छोटा कोर्स आहे: दोनच समुद्री डाइव्ह, मर्यादा 12 मीटर, आणि पुढेही कायम व्यावसायिक डायव्हरसोबतच उतरायचं. दोन दिवस वाचवण्यासाठी एवढं स्वातंत्र्य सोडू नये, असं माझं मत.

आता खरी निवड. सगळा कोर्स एका दमात अंदमानात करायचा, की थिअरी आणि तलावाचा भाग पुण्यात उरकून फक्त चार डाइव्हसाठी समुद्र गाठायचा? दुसऱ्या पद्धतीला रेफरल म्हणतात. पुण्यातला प्रशिक्षक पूर्ण झालेल्या भागाची नोंद देतो, ती 12 महिने चालते.

अंदमानची बाजू भक्कम आहे. स्वराज द्वीपाच्या (जुनं नाव हॅवलॉक) पाण्यात चांगल्या दिवशी वीस-पंचवीस मीटर लांबचं दिसतं, पाणी कोमट, आणि दिवसभर दुसरं काही काम नाही. पण तिथे मोजून तीन-चार दिवस हातात असतात. दुसऱ्या दिवशी मास्क काढून परत घालण्याचा सराव येतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मास्कमध्ये पाणी भरायचं, डोळे मिटून तोंडाने श्वास चालू ठेवायचा, मग नाकाने फुंकून पाणी बाहेर काढायचं. सांगायला सोपं, पण नाकाला पाणी लागलं की शरीर ऐकत नाही. मला हे जमायला तलावावर तीन संध्याकाळी लागल्या. अंदमानात असतो तर तिसऱ्या संध्याकाळी परतीचं विमान धरायची वेळ आली असती.

म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्याला मी रेफरलच सुचवतो, आणि तेही पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र तसाही बंदच असतो. तेवढ्यात थिअरी वाचून होते, तलावाचे धडे होतात. पोहण्याची चाचणी 200 मीटर न थांबता, वेळेचं बंधन नाही, शिवाय 10 मिनिटं तरंगणं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्यांना तरंगणं सहज जमतं. पुण्यातल्या टिळक टँकवर नेमाने पोहायला जाणाऱ्यांना 200 मीटर म्हणजे काहीच नाही. बाकीच्यांनी आधी महिनाभर टँकवर जावं आणि मगच कोर्सचे पैसे भरावेत.

थिअरीतलं एक वाक्य मात्र घोकून ठेवा: श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती तशीच घेऊन वर आलात तर आतली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला इजा होते.

समुद्र कुठला? मालवण-तारकर्ली सगळ्यात जवळ, पण पाणी बऱ्याचदा गढूळ, कधी चार-पाच मीटरच दिसतं. शिकायला चालतं. उलट गढूळ पाण्यात जोडीदारावर नजर ठेवायची सवय लागते. मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट दूर आहे, पुण्याहून सहाशे किलोमीटरच्या पुढे, पण पाणी बरंच स्वच्छ आणि मासे भरपूर. माझ्या चार डाइव्ह तिथेच झाल्या. अंदमान मी कार्ड हातात आल्यावर केलं, आणि मास्कची चिंता नसल्यामुळे तिथे खरंच मासे बघता आले.

पाडी की एसएसआय, म्हणजे कार्ड कुठल्या प्रशिक्षण संस्थेचं घ्यायचं, यावर लोक फार डोकं खपवतात. दोन्हींचं पहिलं कार्ड 18 मीटरचंच आणि दोन्ही जगभर चालतात. त्यापेक्षा विचारा, खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? पाडीचा नियम जास्तीत जास्त 8 जणांना परवानगी देतो, मी चारच्या वर जाणार नाही. आरोग्याचा फॉर्मही खरा भरा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार असेल तर डॉक्टरची सही घेऊनच पुढे जा. गरोदरपणात डायव्हिंग नाहीच.

आणि परतीचं आधी ठरवा. एका डाइव्हनंतर 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास विमानात बसायचं नाही. अंदमानात हे सगळे सांगतात. पण ही मर्यादा 2000 फुटांच्या वर जाण्याला लागू आहे, आणि आंबोली त्याहून उंच आहे. रविवारी दुपारी मालवणला शेवटची डाइव्ह आणि संध्याकाळी आंबोली घाटातून पुण्याकडे, असा बेत करू नका. शेवटची डाइव्ह रविवारी सकाळी संपवा, रात्री मालवणातच राहा, आणि सोमवारची रजा आत्ताच टाका.