बोटीचं इंजिन चार महिने ठेवायचंय: रिकामं करून की अँटीफ्रीझ भरून?

मे संपत आला की मालवण-तारकर्लीच्या पर्यटक बोटी पाण्याबाहेर येतात, त्या सप्टेंबरपर्यंत. त्यातलं एखादं इंजिन फोंडा घाट चढून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला येतं. यंदा दोन पोरं ट्रेलरवर अख्खी बोटच घेऊन आली. जुनी, पेट्रोलची, स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर. एकानं मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. त्यात मिस्त्री इंजिनात गुलाबी अँटीफ्रीझ ओतत होता. "काका, आपण पण हे भरायचं, का नुसतं पाणी सोडून ठेवायचं?"

आपल्याकडं आउटबोर्ड, म्हणजे अख्खं इंजिन बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं, जास्त, स्टर्नड्राइव्ह कमी, म्हणून हा प्रश्न मला फारसा कुणी विचारत नाही. पण विचारला तर उत्तर नीट द्यायला हवं, कारण चुकलं तर ब्लॉकच, म्हणजे इंजिनाचं मुख्य धडच, जातो.

व्हिडिओतला माणूस ते का करतो ते आधी बघू. मिशिगन-मिनेसोटाकडं हिवाळ्यात तळीच गोठतात. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण 9 टक्के फुगतो. ब्लॉकच्या पोटात वाटीभर पाणी राहिलं, तरी बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग तडकतं. फौंड्रीच्या गावात बीड किती ठिसूळ असतं हे वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही पारा गोठणबिंदूच्या जवळपास जात नाही, आणि मालवणात तर प्रश्नच नाही. म्हणजे तिकडचं कारण आपल्याला लागूच होत नाही.

तरीही मी त्या पोरांना "भरा" असंच सांगितलं. कारण आपल्याकडं इंजिन खातो तो खार आणि पावसाळ्यातली दमट हवा.

बऱ्याच पेट्रोल स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, पाठीमागच्या फळीला लागून बसवलेलं असतं, आणि फक्त ड्राइव्हचा पाय बाहेर पाण्यात. इंजिन मोटारीसारखंच बीडाचं, पण रेडिएटर नाही. पाय समुद्राचं पाणी ओढतो, ते थेट ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणाऱ्या कास्टिंगमधून) फिरतं आणि सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडतं. मोसमभर बीडाच्या पोटातून खारं पाणी गेलेलं असतं. आता हे इंजिन ठेवायचं कसं, हा खरा प्रश्न.

रिकामं करून ठेवणं. खर्च जवळजवळ शून्य. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढायचे, पंपाच्या नळ्या सोडायच्या, पाणी जाऊ द्यायचं. गळतीची भीती नाही, विषारी काही नाही, सप्टेंबरात काही गोळा करत बसावं लागत नाही. तोटा एवढाच की "रिकामं" आणि "कोरडं" यात फरक आहे. ब्लॉकच्या भिंती ओल्याच राहतात, आत हवा शिरते, आणि ओलं बीड, हवा आणि उरलेला खार एकत्र आले की गंज धरतो. गंजाच्या खपल्या सुटून पुढं थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापलं की उघडणाऱ्या झडपेत) नि मॅनिफोल्डच्या वाटांमध्ये अडकतात.

आणखी एक गोष्ट माझ्या हातून घडलेली सांगतो. एका इंजिनाचा प्लग काढला, पाणी आलं नाही. मी समजलो, रिकामं आहे. दोन दिवसांनी सहज तार घातली तेव्हा आतली खपली फुटली आणि तांबडं पाणी भळाभळा वाहिलं. तेव्हापासून प्लग काढल्यावर प्रत्येक भोकात तार घालून बघतोच. पाणी येत नाही म्हणजे आत नाही, असं धरून चालायचं नाही.

अँटीफ्रीझ भरून ठेवणं. गंजरोधक घातलेल्या ग्लायकॉलनं (अँटीफ्रीझमधलं मुख्य द्रव ते हेच) आतली जागा भरली की हवेला शिरायला वाव राहत नाही आणि बीडावर गंजरोधकाचा थर राहतो. चार महिन्यांच्या पावसाला हा उपाय मला जास्त खात्रीचा वाटतो. पण खर्च आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनाला 15 ते 20 लिटर हाताशी ठेवावं लागतं. शिवाय ते नीट भरलं नाही तर पैसे पाण्यात.

नीट न भरण्याची चूक व्हिडिओ बघून हमखास होते. पायाला रबरी कप लावून इंजिन सुरू करायचं आणि त्यालाच अँटीफ्रीझ ओढू द्यायचं, एवढंच दिसतं. पण इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो. मग ओढलेलं द्रव ब्लॉकला बगल देऊन मॅनिफोल्डमधून बाहेर पडतं. बाहेर गुलाबी धार दिसते, आपण खूश, आणि ब्लॉकमध्ये मात्र जुनं खारं पाणी तसंच. म्हणून क्रम असा: गोडं पाणी लावून इंजिन आयडलवर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवायचं आणि त्यानंतरही दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ब्लॉकमधला खार धुतला जाईल. मग बंद करून सगळे प्लग काढून रिकामं करायचं, तार घालायची. प्लग परत बसवून वरच्या नळ्यांतून ब्लॉक आणि मॅनिफोल्ड हातानं भरायचे. आधी रिकामं केलं नाही तर उरलेल्या पाण्यात अँटीफ्रीझ पातळ होतं आणि गंजरोधकही निम्म्यावर येतो.

काय भरायचं यात घाई करू नका. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं हिरवं कूलंट बहुतेक वेळा इथिलिन ग्लायकॉलचं असतं. ते गोडसर आणि विषारी. अंगणात सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर मरतं. बोटीच्या या इंजिनात जे भरू ते सुरू करताना सायलेन्सरमधून थेट पाण्यात जातं, म्हणून इथं ते नको. प्रॉपिलिन ग्लायकॉल घ्या, तेही गंजरोधक घातलेलं, जे चिलर प्लांटला वापरतात. नुसतं शुद्ध प्रॉपिलिन ग्लायकॉल गंज थांबवत नाही. कॅनवर "-50" लिहिलेलं परदेशी अँटीफ्रीझ कुणी आणून दिलं तर तो आकडा फॅरनहाइटचा, आणि पाइप न फुटण्याचा असतो. आपल्या कामी तो नाही. गंजरोधक आहे की नाही तेवढं लेबलवर वाचा.

आता तुमच्या इंजिनावरून ठरवा. आउटबोर्ड असेल तर अँटीफ्रीझचा विचारही करू नका. ते उभं ठेवलं की पाणी आपोआप खाली उतरतं. गोड्या पाण्यानं धुवा आणि सरळ उभं ठेवा. स्टर्नड्राइव्हला हीट एक्स्चेंजर असेल, म्हणजे आत कूलंट कायमचं फिरत असेल (डिझेलला बहुधा असतोच), तर ब्लॉकला हात लावायचा नाही. फक्त समुद्राच्या पाण्याची बाजू धुवून रिकामी करा. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारं बीडाचं इंजिन असेल आणि बोट खाऱ्या पाण्यात चालली असेल, तरच भरण्याचा खर्च वसूल होतो. हेच इंजिन धरणाच्या किंवा तलावाच्या गोड्या पाण्यात चाललं असेल, तर रिकामं करून तार घालून ठेवलंत तरी पुरे.

आपल्या पंचगंगेच्या पुरातल्या रबरी बोटींचं गणित याच्या उलट. त्यांचं इंजिन पावसाळ्यात जागं आणि ऑक्टोबरपासून झोपलेलं. 2019 आणि 2021 ला शहरानं बघितलंय की राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर गेलं की बोट लगेच सुरू व्हावी लागते. तिथं खार नाही, गाळ आहे. म्हणून त्या आउटबोर्डना अँटीफ्रीझपेक्षा पूर ओसरल्यावर लगेच गाळ धुणं आणि जूनच्या आधी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, तपासणं जास्त मोलाचं. एखाद्या तालमीकडं, मंडळाकडं अशी बोट असेल तर एवढं तरी नक्की करा.

काही कामं दोन्ही पद्धतींत करायचीच. इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर रबराची पाती वाकलेल्या आकारातच राहतात. इंजिन ऑइल ठेवण्याआधी बदला, जुन्या तेलातली आम्लं चार महिने बेअरिंगवर नकोत. ड्राइव्हचं गिअर ऑइल थोडं काढून बघा. दुधासारखं दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. ड्राइव्ह खाली सोडून ठेवा. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी रिकामी तरी करा किंवा स्टॅबिलायझर घालून जवळजवळ भरून ठेवा.

त्या पोरांची बोट खाऱ्या पाण्यातली, इंजिन बीडाचं, एक्स्चेंजर नाही. भरलं. कॅन आणायला त्यांनी थोडी कुरकुर केली, पण मॅनिफोल्डमधून निघालेली ओंजळभर खपली बघितल्यावर गप्प झाले. शेवटी स्टिअरिंगला तारेनं एक पुठ्ठा बांधला आणि मार्करनं लिहिलं: "आत ग्लायकॉल आहे. जमिनीवरच बादलीत काढा, इम्पेलर बसवा, मगच पाण्यात उतरवा."