‘लेट व्हरायटी’ म्हणून गळ्यात मारलेलं सफरचंद

2023 च्या जानेवारीत कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनात मी सफरचंदाची तीन रोपं घेतली, 650 रुपयांना एक. स्टॉलवर कुंडीत छातीएवढं हिरवंगार झाड होतं आणि त्याला चार लालभडक सफरचंदं. फळ डोळ्यांनी दिसल्यावर मी काही विचारलंच नाही. फोटो काढला, पैसे दिले.

“काकी, ही फुजी हाय, लेट व्हरायटी. दिवाळीला फळं काढायची,” विक्रेता म्हणाला. हातात मात्र ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बिनपानांच्या काड्या आल्या.

कळंब्याच्या घरामागे दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, शेणखत घातलं. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून एक रोप कुजलं. बाकीची दोन जोमानं वाढली, पण फूल नाही. फोन केला की एकच उत्तर, “लेट व्हरायटी हाय, टाइम लागतोय.” दुसऱ्या वर्षीही तेच. मला ते पटायचं, आणि इथंच मी फसले. उशिरा येणारी जात म्हणजे हंगामात उशिरा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पिकणारी. झाड किती वर्षांनी फळ धरतं, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही.

गेल्या दिवाळीला भाचा आला. त्याचं कृषी पदवीचं शिक्षण झालंय. तो झाडाच्या बुडाशी बसला आणि कलमाच्या सांध्याच्या वर उरलेल्या काडीची साल नखानं खरवडली. आत तपकिरी, कोरडं. सगळ्या फांद्या सांध्याखालून फुटलेल्या. म्हणजे कलम कधीच मेलं होतं आणि इतके दिवस मी जंगली खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याला, पाणी घालत होते. दुसऱ्या झाडाचीही तीच गत.

मग मोबाइलवर तो जुना फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक देठाला हिरवी बारीक तार गुंडाळलेली. अहो, जानेवारीत सफरचंदाचं झाड पानं गाळून झोपलेलं असतं! फुजीची काढणी तर त्याच्या कितीतरी आधी संपते.

कलम जगलं असतं तरी भरवसा नव्हता. हिमाचल-काश्मीरकडच्या बहुतेक जुन्या जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालची थंडी 800 ते 1000 तास किंवा त्याहूनही जास्त लागते. आपल्याकडे तशी एक रात्रही क्वचितच मिळते. कमी थंडीवर येणाऱ्या जाती आहेत: ॲना, डॉर्सेट गोल्डन, हिमाचलातल्या बिलासपूरच्या शेतकरी हरिमन शर्मांची एचआरएमएन-99. पण त्यांची फळं जूनच्या आसपास तयार होतात. त्यामुळे कोल्हापुरात दिवाळीच्या सफरचंदाचं रोप कुणी देऊ लागला, तर पैसे काढण्याआधी फळ लागलेली बाग कुठे आहे ते विचारा, आणि ती बघून या.

माझ्या पावतीवर जातीचं नाव नाही, रोपवाटिकेचा परवाना क्रमांक नाही, फक्त एक मोबाइल नंबर आहे. तो अजून वाजतो, उचलत कुणी नाही. यंदाही असे स्टॉल लागतील. झाडाला लागलेलं फळ दिसलं, तर आधी त्याचा देठ हातात धरून बघा.