हवेची कयाक आणि बॅटरीची मोटर, आठ महिन्यांनंतर: रेटिंग बदलतोय

डिसेंबरात मी याच वस्तूला (हवा भरून फुगवायची वल्ह्याची अरुंद होडी आणि तिला लावायची मोटर) ‘बॅटरी खराब आहे’ म्हणून दोन तारे देऊन बराच राग काढला होता. ते लिखाण काढून टाकत नाही, पण त्यातला निम्मा भाग चुकीचा होता म्हणून हे पुन्हा सविस्तर लिहितोय. वजन, लांबी, घडीचा आकार वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. बोटीचे सांधे अजून टकाटक आहेत, पंप बरा आहे, सीट दोन तासांनी कंबर धरते. एवढंच.

माझं भांडण आहे मोटरच्या पडद्यावरच्या एका आकड्याशी: ‘शिल्लक अंतर’.

नोव्हेंबरात मुळशीच्या बॅकवॉटरला चार-पाच वेळा चालवली. ताशी ५ किलोमीटरला मोटर साधारण ३०० वॅट घेते, म्हणजे ९६० वॅट-तासांची बॅटरी ३ तास १२ मिनिटं पुरते आणि १६ किलोमीटर होतात. पडदा १६ दाखवायचा आणि तेवढं अंतर व्हायचंही. बासष्ट हजार सार्थकी लागले असं वाटलं. मग ताम्हिणी उतरून कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या बाजूला गेलो.

एका धक्क्यावरून ओहोटीबरोबर समुद्राच्या दिशेने निघालो. ७ किलोमीटर तासाभराच्या आत झाले. वळताना पडदा १७ किलोमीटर शिल्लक दाखवत होता आणि परत यायला हवे होते ७. निर्धास्त वळलो. बॅटरी धक्क्याच्या सव्वा किलोमीटर आधी संपली. समोरून पाणी, दोन्ही बाजूंना कांदळवन आणि गुडघाभर चिखल. बरोबर माझा पुतण्या होता. वल्हं मारून धक्क्याला लागेपर्यंत अंधार पडला. लाइफ जॅकेट होती, पण त्या तासाभरात पोटात गोळा आला होता, हे स्पष्ट सांगतो.

बॅटरी खराब आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. मुंबईला सर्व्हिस सेंटरकडे कुरिअरने पाठवली, खर्च माझा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: क्षमता ९४० वॅट-तास, दोष नाही, तपासणीचे ११८० रुपये भरा. मी फोनवर भांडलो, ईमेल लिहिले. त्यांचं एकच पालुपद, “सर, रेंज कंडिशनवर अवलंबून असते.” कोणती कंडिशन ते कोणी सांगेना. तेव्हा ते दोन तारे दिले.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. ही संस्था १९१६ पासूनची, आणि तिथे बंदरांची व खाड्यांची लहान प्रतिरूपं बांधून त्यांत भरती-ओहोटी खेळवून प्रवाह तपासतात. काकांनी माझी पूर्ण कहाणी ऐकली आणि विचारलं, “अरे, तो पडदा वेग कुठून घेतो?”

“जीपीएसवरून, काका.”

“मग तो जमिनीवरचा वेग झाला. मोटरला जमीन माहीत नाही, तिला फक्त पाणी माहीत आहे.”

घरी येऊन वही काढली. पाण्याला ताशी अडीच किलोमीटरची ओढ धरली तर जाताना माझा जमिनीवरचा वेग साडेसात. पडदा तोच वेग पुढे कायम राहील असं गृहीत धरून गुणाकार करत होता. येताना पाच वजा अडीच, म्हणजे अडीच. ७ किलोमीटरला २ तास ४८ मिनिटं, ८४० वॅट-तास. बॅटरीत उरले होते ६८०. म्हणजे हिशेबानेही बॅटरी धक्क्याच्या सुमारे सव्वा किलोमीटर आधीच संपायला हवी होती. बॅटरीवर मी केलेला आरोप चुकीचा होता, तो मागे घेतो.

नंतर ओढ स्वतः मोजली. बाटली अर्धी पाण्याने भरून सोडायची म्हणजे ती वाऱ्याने फार वाहत नाही, आणि काठाने ५० मीटर जायला किती वेळ लागतो ते बघायचं. ७२ सेकंद लागले तर ओढ ताशी अडीच किलोमीटर.

यात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: समोरून पाणी असताना मोटर हळू ठेवली की बॅटरी वाचते, हा माझा समज चुकीचा निघाला. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते (वेग दुप्पट तर शक्ती आठपट), हे खरं. पण तुम्ही प्रवाहापेक्षा जेमतेम पुढे असाल तर सगळी वीज जागच्या जागी राहण्यात जाते. या घनाच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त वेग प्रवाहाच्या दीडपट येतो. ओढ ३ ची असेल तर पाण्यातला वेग साडेचार ठेवा. काटकसर म्हणून साडेतीन ठेवलात तर किलोमीटरमागे सुमारे ४० टक्के वीज जास्त जाते.

दुसरा धडा उथळ पाण्याचा. तिथले होडीवाले ओढीविरुद्ध जाताना मधली धार सोडून काठाने जातात, कारण काठाशी आणि वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंद असतं. मीही तसंच केलं आणि कांदळवनातल्या एका चिंचोळ्या वाटेत शिरलो. खोली जेमतेम ३५ सेंटिमीटर, पाणी जवळजवळ स्थिर. तरी ३०० वॅटला वेग पाचऐवजी चार! मोटर वाढवून ४५० केली तर वेग नावापुरता वाढला, मागे मोठी लाट उठली, बोटीची मागची बाजू खाली बसली आणि पंखा चिखल ढवळायला लागला.

काकांनी याचंही कारण सांगितलं. बोट पुढे सरकते तेव्हा तिने बाजूला सारलेलं पाणी बुडाखालून आणि दोन्ही अंगांनी मागे यायला हवं. तळ आणि काठ जवळ असले की ते फटीतून जोरात पळतं, तिथला दाब कमी होतो आणि बोट खाली ओढली जाते. शिवाय उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला मर्यादा असते. ३५ सेंटिमीटरला ती ताशी पावणेसात किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाच्या जवळ जाऊ लागलात की वीज लाट उठवण्यात जाते.

मोठ्या जहाजांचंही हेच होतं, फक्त किंमत वेगळी. ७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकांना घासलं. उथळ पाण्यात वेगामुळे जहाज किती खाली बसेल, याचा अंदाज कमी धरला गेला होता. हे बसणं साधारण वेगाच्या वर्गाने वाढतं, आणि तो वेग पाण्यातला. नदीत ४ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) प्रवाहाविरुद्ध जीपीएसवर ६ नॉट दाखवणारं जहाज १० नॉटच्या हिशेबाने बसतं, म्हणजे पावणेतीनपट जास्त. मी हे वाचलं तेव्हा माझ्या पडद्यावरच्या आकड्याबद्दल राग नव्याने आला.

कारण उपाय अवघड नाही. बुडाला एक छोटी फिरती चक्री लावली की पाण्यातला वेग कळतो. मोठ्या जहाजांवर पाण्यातला वेग मोजणारं साधन असतंच. तेही महाग वाटत असेल तर निदान ‘शिल्लक अंतर’ काढून ‘शिल्लक वेळ’ दाखवा. वेळेचा आकडा प्रवाहात खोटा ठरत नाही. हे मी कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर आलं, “सूचना नोंदवली आहे.” माहितीपुस्तिकेत प्रवाहाबद्दल एक ओळ नाही, याला मात्र क्षमा नाही. पोहता न येणारा माणूस त्या १७ वर विश्वास ठेवून वळेल.

आता मी आकड्यावर कागद चिकटवलाय आणि भरतीचं कोष्टक बघून निघतो. भरती-ओहोटीच्या सहा तासांत मधल्या दोन तासांना निम्मं पाणी सरकतं, ते तास आपल्या दिशेने वापरायचे. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) टाळून अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, गेलं तर ओढ आणखी सौम्य. मेमध्ये भरतीबरोबर आत ७ किलोमीटर गेलो, पाणी वळेपर्यंत काठाला डबा खाल्ला, ओहोटीबरोबर परत. मोटर ताशी ४ वर. १४ किलोमीटरला बॅटरी ३५ टक्के खर्च झाली.

मोटरला साडेचार, पडद्याला शून्य, सर्व्हिसला एक. सगळा विचार करून तीन तारे. ‘शिल्लक वेळ’ आला तर चौथा त्याच दिवशी देईन.