मेडिव्हल टू टोटल वॉर: जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून पावसाळ्यापर्यंत खेळल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. लढायांसाठी हा गेम घेणार असाल तर घेऊ नका. मध्ययुगीन युरोपात एखादी सत्ता चालवायचा हा संगणकावरचा गेम 2006 चा आहे आणि सैनिकांच्या चेहऱ्यांवरून ते लगेच कळतं. पण नकाशा उघडून जमाखर्च मांडायचा, सोयरिकी जुळवायच्या, कुणाची फौज कुठल्या खिंडीत उभी आहे यावर नजर ठेवायची, यात ज्याचा जीव रमतो त्यानं डोळे झाकून घ्यावा. यातला खरा खेळ 'एंड टर्न'च्या, म्हणजे आपली चाल संपवायच्या, बटणापाशी आहे.

क्रिएटिव्ह असेंब्लीनं बनवलेला आणि सेगानं आणलेला हा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात 'किंगडम्स' या विस्तारासकट मिळतो. सेल लागला की किंमत बरीच उतरते, तेव्हाच घ्यावा. माझा लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी नकाशा सुरळीत चालतो. फक्त एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सोलापुरात दुपारी कुठलंही यंत्र चालवू नये, माणसानंसुद्धा चालू नये. त्या दिवसांत रात्री दहानंतर गच्चीवर बसून खेळलो. लाइट गेली तरी टर्नवर चालणाऱ्या गेमचं काही बिघडत नाही. बॅटरी आहे तोवर सेव्ह करायचं आणि झोपायचं.

मुख्य मोहीम 1080 मध्ये सुरू होते आणि 1530 ला संपते. एक टर्न म्हणजे दोन वर्षं, म्हणजे सगळे मिळून 225 टर्न. यात एक गंमत आहे, ती आधी माहीत असलेली बरी. कॅलेंडर दोन वर्षांनी पुढं सरकतं, पण माणसाचं वय एका टर्नला अर्ध्या वर्षानंच वाढतं. 1080 मध्ये विशीत असलेला राजपुत्र 1120 उजाडलं तरी तिशीतच! पहिले काही दिवस हे खटकतं. पण वय कॅलेंडरप्रमाणे वाढलं असतं तर एकाही सरदाराशी ओळख झाली नसती, आणि सरदारांशी ओळख होणं हाच या गेमचा गाभा आहे. त्यावर पुढं येतोच.

सुरुवातीला इंग्लंड, फ्रान्स, होली रोमन एम्पायर, स्पेन आणि व्हेनिस एवढ्याच सत्ता निवडता येतात. एखादी सत्ता नेस्तनाबूत केली किंवा मोहीम जिंकली की बाकीच्या उघडतात. यूट्यूबवर सगळे इंग्लंड घ्यायला सांगतात, कारण बेटावर पाठ सुरक्षित राहते. मी व्हेनिस घेतलं. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला व्यापाऱ्यांचं शहर सोडून राजाबिजा व्हायची हौस कशाला?

आणि व्हेनिस घेतल्यावरच या गेमचं अर्थकारण नीट कळतं, असं माझं म्हणणं आहे. प्रत्येक वस्ती एक तर शहर असते नाही तर किल्ला. शहर पैसा देतं, किल्ला फौज देतो. किल्ल्यात घोडदळ आणि चांगलं पायदळ तयार होतं, पण कर तुटपुंजा. शहरात बाजार, बंदर, कर सगळं आहे, पण फौज म्हणजे मिलिशिया, नागरिकांची पलटण. दुसऱ्या सत्तांची मिलिशिया म्हणजे शोभेची बाहुली. इटालियन सत्तांची तशी नाही. व्हेनिसचे भालेकरी आणि मोठी ढाल पाठीशी बाळगणारे क्रॉसबोवाले भल्याभल्या सरदारांना थोपवून धरतात. त्यात शहरात ठरावीक संख्येपर्यंत मिलिशिया ठेवली तर तिचा पगार द्यावा लागत नाही. पहिल्या बैठकीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. फौज शहराच्या वेशीबाहेर पडली की दर टर्नला पगार सुरू, परत आत आली की बंद. त्यामुळे मी मोहिमेचे टर्न मोजून फौज बाहेर काढायचो आणि काम झालं की भरभर आत घ्यायचो.

खजिना उणे झाला की नवी भरती बंद, नवं बांधकाम बंद. त्यातून बाहेर यायला मार्ग दोनच, फौज मोडा नाही तर शेजाऱ्याचं शहर लुटा. शहर जिंकल्यावर तीन पर्याय येतात. नुसता ताबा घ्यायचा, लूट करायची, नाही तर कत्तल. बहुतेक व्हिडिओंत 'सरळ कत्तल करा, बंडाची भानगड नको' असा सल्ला असतो. मला तो पटत नाही. कत्तलीनं लोकसंख्या घसरते, ती वाढायला कित्येक टर्न जातात, आणि लोकसंख्या वाढली नाही तर शहराचा दर्जाच वाढत नाही. म्हणजे मोठे बाजार नाहीत, मोठी तटबंदी नाही. आज हातात रोकड पडते आणि पुढच्या दोन पिढ्या ते शहर उत्पन्नात मागं राहतं. शिवाय कत्तल करणाऱ्या सेनापतीचा स्वभावही बदलतो.

स्वभावाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यासाठीच मी इतके महिने टिकलो. प्रत्येक सरदाराच्या नावाखाली त्याचे गुण-अवगुण लिहिलेले असतात आणि ते त्याच्या वागण्यातून येतात. युद्धकैदी सोडून दिले की त्याची दानत वाढते, कापून काढले की दहशत वाढते. दानतवाला सरदार शहराचा कारभारी झाला की तिथली वस्ती वेगानं वाढते. दहशतवाला समोर उभा राहिला की शत्रूच्या फौजेचं अवसान गळतं. दोन्ही उपयोगाचे, पण एकाच माणसात दोन्ही नांदत नाहीत. माझ्याकडे दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याला बाल्कनच्या सरहद्दीवर ठेवला, तो दर लढाईगणिक क्रूर होत गेला. धाकटा व्हेनिसमध्ये कारभार बघत होता. तो हिशेबात हुशार निघाला, पण बरेच टर्न नुसता बसून राहिल्यावर त्याला पिण्याची सवय लागली, मग आळस आला, आणि शेवटी कर-वसुलीच घटली. त्याला उचलून एका जहाजावर घातला आणि क्रीटला पाठवला. बंडखोरांशी दोन-चार चकमकी झाल्यावर गडी सुधारला म्हणायचा. यातलं काहीही कुणी आधी लिहून ठेवलेलं नसतं.

माझा भाचा हे बघून म्हणाला, "मामा, हे कसलं बे गेम? नुसती माणसांची बायोडाटा वाचत बसलायस." त्याला लढाई हवी असते. त्यानं मोबाइलवर घेतला आहे. फेरल इंटरॅक्टिव्हनं 2022 मध्ये अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला तो. एकदाच पैसे भरायचे, मग जाहिराती नाहीत. टर्न खेळायला मोबाइल ठीक आहे, पण अक्षरं इतकी बारीक की माझ्या चष्म्याला झेपत नाहीत. टॅबलेट असेल तर विचार करा.

व्यापारी हा आणखी एक प्रकार. व्यापाऱ्याला नकाशावरच्या मालावर, म्हणजे रेशमावर, सोन्यावर, हस्तिदंतावर नेऊन उभा केला की दर टर्नला पैसे येतात. कॉन्स्टँटिनोपलजवळचं (आजचं इस्तंबूल) रेशीम आणि आफ्रिकेतल्या टिंबक्टूचं सोनं सगळ्यांत किफायतशीर. टिंबक्टूला पोचेपर्यंत व्यापारी म्हातारा होतो, ही खरी अडचण. आणि परका व्यापारी येऊन तुमच्या माणसाला धंद्यातून उठवू शकतो. एकदा उठवला की तो गेला, परत येत नाही. नवशिक्या व्यापाऱ्याला आधी घराजवळच्या मालावर बसवून तयार करावं आणि मगच लांब धाडावं.

आता तक्रारी. सगळ्यांत मोठी तक्रार राजकारणाची. कारण नसताना दोस्त पाठीत वार करतो. मिलान ही व्हेनिसच्या शेजारची इटालियन सत्ता तर यात बदनामच आहे, हा गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा. व्यापाराचा करार झाला, दोस्ती झाली, राजकन्या दिली, आणि थोड्याच टर्नमध्ये मिलानचं एक फुटकळ जहाज येऊन व्हेनिसच्या बंदराची नाकेबंदी करून उभं! मागं ना फौज, ना काही बेत. त्या एका जहाजापायी युद्ध सुरू, व्यापार ठप्प. माणूस दगा देतो तेव्हा त्याला काहीतरी मिळवायचं असतं. इथं काहीच मिळवायचं नसतं, आणि तेच डोक्यात जातं.

आपल्याकडच्या इतिहासात दगाबाजी कमी नव्हती, पण तिला हिशेब होता. आमचा सोलापूरचा भुईकोटच घ्या. आदिलशहा आणि निजामशहा या किल्ल्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडले. एका लग्नात तो आंदण द्यायचं कबूल झालं आणि दिला गेला नाही, त्यावरून लढाया झाल्या. पुढं चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरकरांकडे गेला, मग हेच दोघं 1565 ला तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध एका बाजूला उभे राहिले. या गेममध्ये वाटाघाटीत तुम्ही प्रांत देऊ शकता, लग्न ठरवू शकता, पैसे देऊ शकता, सगळी साधनं आहेत. ती वापरायची अक्कल तेवढी समोरच्या संगणकाला नाही. हरत आलेला राजासुद्धा तहाला 'नाही' म्हणतो आणि शेवटचं शहर घालवून बसतो.

पोपचं प्रकरण मात्र झकास जमलं आहे. कॅथलिक सत्तेनं दुसऱ्या कॅथलिक सत्तेवर हल्ला केला की रोमहून ताकीद येते, अमुक टर्न हल्ला थांबवा. ऐकलं नाही तर बहिष्कार, आणि मग तुमच्यावरच क्रुसेड, म्हणजे पोपनं पुकारलेलं धर्मयुद्ध, निघू शकतं. मिलाननं आधी कुरापत काढली असली तरी चिडून त्याचं शहर घेतलंत तर ताकीद तुम्हाला. पोपची मर्जी सांभाळायला चर्च बांधा, धर्मगुरू तयार करा. त्यातले काही पुढं कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, होतात आणि नव्या पोपच्या निवडणुकीत मत देतात. रोख नजराणाही चालतो, उगाच लाजू नये. उलट कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइनांवर, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांवर, चाल केली तर पोपला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून व्हेनिसला पूर्वेकडे पसरणं सोपं जातं. 1204 मध्ये चौथ्या क्रुसेडच्या वेळी व्हेनिसच्या आरमारानं खरोखरच कॉन्स्टँटिनोपल पाडलं होतं. मी ते त्याच्या बरंच आधी घेतलं आणि लगोलग राजधानीसाठी जरा मधलं शहर निवडलं. राजधानीपासून शहर जितकं लांब तितका भ्रष्टाचार जास्त, हा गेमचा नियम आहे. राजधानी हलवायला पैसे पडत नाहीत, तरी बरेच जण शेवटपर्यंत हलवत नाहीत.

क्रुसेडमध्ये सामील व्हायचं तर सेनापतीसह निदान आठ तुकड्या लागतात. एकदा निघालं की फौज वेगानं चालते आणि पगार माफ. पण वाटेत रेंगाळलात तर माणसं पळून जायला लागतात. जहाजं आधीच बंदरात तयार ठेवा.

वेढ्यांबद्दल फार लिहीत नाही. नकाशावर वेढा छान आहे, शहर किती टर्न तग धरेल तो आकडा दिसतो, हेर आत असेल तर दरवाजा उघडा मिळू शकतो. प्रत्यक्ष लढाईत मात्र सैनिक दरवाज्यात अडकतात, तटावर गोल गोल फिरतात. तोफा आल्यावर बरं वाटतं, पण त्यांच्यामुळे सगळ्या फौजेचा वेग मंदावतो. ते अगदी खऱ्यासारखं आहे. परांड्याहून विजापूरला मुलूख-मैदान तोफ न्यायला शेकडो बैल आणि हत्ती जुंपले होते असं आमच्या भागात सांगतात. तसलं धूड घेऊन आल्प्स ओलांडायचा म्हणजे काय ते इथं कळतं. लढाई हातानं लढली तर माणसं कमी मरतात, तेव्हा महत्त्वाच्या लढाया लढा, बाकीच्या संगणकावर सोपवा.

तेराव्या शतकात पूर्वेकडून मंगोल येतात. एक-दोन नाही, ठासून भरलेल्या फौजांची रांगच. मोकळ्या मैदानात त्यांच्या घोडेस्वार तिरंदाजांपुढं काही चालत नाही, नदीवरचा पूल धरून बसणं हा एकच उपाय मला लागू पडला. पुढं तैमूरचे लोक येतात ते हत्तींवर तोफा लादून. नकाशा बगदादच्या थोडा पलीकडे संपतो, दिल्ली त्यात नाही, पण हत्ती आहेत!

आणि इथूनच गेमचा कंटाळवाणा भाग सुरू होतो. तीसेक शहरं झाली की प्रत्येक टर्न मार्चअखेरच्या ताळेबंदासारखा वाटायला लागतो. प्रत्येक शहरात काय बांधायचं, कुठं कर वाढवायचा, कुठं असंतोष आहे, कुठला व्यापारी मेला. एंड टर्न दाबल्यावर बाकीच्या सत्तांच्या चाली संपेपर्यंत माझी एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपते. संगणकाच्या हालचाली दाखवणं बंद ठेवा, वेळ वाचतो. लांब मोहिमेत 45 प्रांत आणि ठरवून दिलेलं मोठं शहर जिंकावं लागतं, छोटीत 15 प्रांत आणि ठरावीक शत्रू संपवावे लागतात. छोटीच खेळा. तिच्यात गेमची सगळी मजा आहे आणि बारदान वाढायच्या आत ती संपते. मोहीम सुरू करताना सगळ्या वस्त्या स्वतः सांभाळण्याचा पर्याय तेवढा निवडा, नाही तर जिथं सरदार नाही तिथला कारभार संगणक करतो आणि भलतंच बांधून ठेवतो.

'किंगडम्स'मधल्या चार मोहिमांपैकी क्रुसेड्सची मला आवडली, कारण तिथं प्रदेश लहान आणि शेजारी जवळ. अमेरिकेची जमली नाही, निम्मा वेळ जंगलातून चालण्यात जातो.

सध्या तुर्कांची छोटी मोहीम चालू आहे. पोपची कटकट नाही, घोडदळ उत्तम, पण कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर तिथली प्रजा ऑर्थोडॉक्स असल्यानं दर दोन-तीन टर्ननी दंगल होते. तीन इमाम तिथंच बसवून ठेवले आहेत आणि कर अगदी खाली आणला आहे. तरी शहर असंतोषाच्या लाल रंगातच दिसतंय. कुणी तुर्क खेळले असतील तर मशीद आधी बांधावी की बाजार, तेवढं कळवा.