ग्राउंडहॉगसाठी ठासणीची बंदूक: चकमकीची, टोपीची की इनलाइन?

पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावचा ग्राउंडहॉग दर २ फेब्रुवारीला उंच टोपीवाल्या मंडळींच्या हातात बसून थंडी अजून किती उरली ते सांगतो. १८८७ पासून हा सोहळा चालू आहे. त्याच मुलखातला सोयाबीनवाला शेतकरी मात्र जुलैत याच प्राण्याच्या नावानं बोटं मोडतो. पिकाचे कोवळे शेंडे गेलेले असतात, बांधाला बिळं पडलेली असतात आणि गोठ्याचा पाया खालून पोखरलेला असतो. लडाखला पँगाँगच्या वाटेवर पर्यटकांकडे टकामका बघणारे मारमॉट आठवा. त्यांचाच हा अमेरिकी भाऊबंद: खारीच्या कुळातला, साधारण दोन ते सहा किलोचा. पिकाची अशी नासाडी करतो म्हणून शेतावर त्याच्या शिकारीची परवानगी मागितली की बहुधा मिळते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. कोकणात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारूगोळी भरायची बंदूक उरली ती परवान्यावर, शेतराखणीपुरती. म्हणून हे लेखन अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिली ठासणीची रायफल घ्यायला निघालेल्या मराठी माणसासाठी.

आधी पेटवण्याची तऱ्हा ठरवा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की गारेचा (गारगोटीचा) तुकडा पोलादावर घासतो, ठिणगी वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडते आणि तिची आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, नळीतल्या दारूपर्यंत जाते. हे सगळं पापणी लवेपर्यंत होतं, पण तेवढ्यात नेम हलतो. शिवाय डोळ्यासमोर भडका उडतो तो वेगळाच. कधी नुसती रंजक उडते, आत काहीच पेटत नाही, आणि ग्राउंडहॉग बिळात. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याची हीच तक्रार होती. भडका दिसला की पक्षी उडून जायचे. त्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी पुढे त्यातूनच आली.

टोपीच्या बंदुकीला हा विलंब जवळजवळ नसतो. रिमझिम पावसातही ती बऱ्यापैकी भरवशाची. पर्यायी दारूही तिला चालते. चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते, कारण पायरोडेक्ससारखी दारू नुसत्या ठिणगीवर नीट पेटत नाही. आणि काळी दारू स्फोटक म्हणून मोजली जात असल्यानं ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. उलट टोप्या संपल्या तर टोपीची बंदूक म्हणजे काठी. गारेचा तुकडा खिशात असला की चकमकवाल्याला ती चिंता नाही.

इनलाइन ही १९८५ मध्ये टोनी नाइट यांच्या रायफलीपासून रुळलेली जात. टोपी थेट दारूच्या मागे, वर दुर्बीण, आणि लांबट गोळीसाठी नळीच्या आत घट्ट पीळ. शंभर यार्डांपुढे नेम धरायचा असेल तर हीच घ्या. पण तेवढंच हवं असेल तर साधी काडतुसाची रायफल काय वाईट? माझं इनलाइनशी जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता नळीचं माप. ३२ कॅलिबरची शिशाची वाटोळी गोळी जेमतेम ३ ग्रॅमची असते. खारीला उत्तम, पण ग्राउंडहॉग चिवट असतो, जखमी होऊनही बिळात शिरतो. ३६ ची गोळी ४ ग्रॅमच्या थोडी वर. पन्नास यार्डांत, वारा पडलेला असताना, डोक्यावर नेम बसत असेल तर तिनं भागतं. दारू आणि शिसं दोन्ही कमी लागतं, खांद्याला धक्काही नाही. ४५ ची गोळी ८ ग्रॅमची. वाऱ्यात ती कमी सरकते, सत्तर-ऐंशी यार्डांवरही दम राखते. ५० ची गोळी अकरा-साडेअकरा ग्रॅमची. ग्राउंडहॉगसाठी ती जास्तच. पण थांबा.

कारण खरा प्रश्न असा, की डिसेंबरात तुम्ही काय करणार आहात? पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांसाठी फक्त चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, नाताळानंतरच्या कडाक्यात. त्याला जायचं मनात असेल तर ५० ची चकमकीचीच घ्या आणि उन्हाळाभर तिनं ग्राउंडहॉगमागे फिरा. बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला तो प्राणी म्हणजे तळहाताएवढं निशाण. भडका झाला तरी नेम हलू द्यायचा नाही, ही सवय त्याच्यावर जशी लागते तशी कागदावर लागत नाही. हरणांमध्ये रस नसेल तर मात्र उगाच मोठी नळी वागवू नका. टोपीची ४५ घ्या. फार जवळ सरपटत जायची हौस असेल तर ३६.

कोणतीही घेतली तरी एका वेळी गोळी एकच. चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासून दुसरा बार भरायला अर्धा मिनिट सहज जातो. वारा नसेल तर धूर समोरच लोंबत राहतो आणि लागलं की नाही तेही लगेच कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर कितीही दमला असलात तरी गरम पाणी आणि साबणानं नळी धुवायची. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि नळीला गंज चढतो. हे काम नको असेल तर तिन्ही जाती सोडा.

व्हिसावर असाल तर पैसे देण्याआधी कायदा बघा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा जुन्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकांना सहसा बंदूक मानत नाही, पण नळी बदलून काडतुसं घालता येतील अशी इनलाइन तो मानतो. न्यू जर्सी तर चकमकीच्या बंदुकीलाही बंदूकच धरते. शिकारीचा परवाना मात्र पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी दोन्हीकडे काढावाच लागतो.