गांडूळखतासाठी फिरती चाळणी घेतली, दोन सीझन वापरून सांगतोय

आधी आमच्याकडे व्हायब्रेटर चाळणी होती, कोरड्या मालाला एकदम भारी, पण गांडूळखत कधी पूर्ण कोरडं नसतंच ना, ओल जरा जास्त झाली की जाळी चोंदायची आणि पोरगं काठीने ठोकत बसायचं. मग ड्रमवाली फिरती चाळणी घेतली, म्हणजे जाळीचा तिरका ड्रम फिरतो, बारीक खत जाळीतून खाली पडतं आणि काड्या-कचरा पुढच्या टोकातून निघतो, एक एचपी सिंगल फेज मोटर, ४ एमएम जाळी. ४ एमएमच का, तर सरकारच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचा किमान ९० टक्के माल ४ एमएम चाळणीतून गेला पाहिजे असं आहे, आणि ओलावा १५ ते २५ टक्के. विकायचं असेल तर हे बघावंच लागतं. ड्रमला बाहेरून ब्रश लावून घ्या, फार फरक पडतो!! उतार कमीजास्त करता आला पाहिजे, उतार जास्त झाला की चांगला मालसुद्धा काड्यांबरोबर पुढे निघून जातो. जाळी मात्र स्टेनलेसचीच मागा, आम्हाला विकणाऱ्याने साधी दिली, पहिल्याच पावसाळ्यात गंजली, बदलायचा खर्च आमच्याच गळ्यात. आणि हो, गांडुळं ड्रमच्या टोकातून जिवंत बाहेर येतात, ती परत बेडवर (खत बनवायच्या वाफ्यावर) सोडतो, मला तर हेच सगळ्यात आवडलं.